इन्सुलिन, रक्तवाहिन्या आणि वाढता रक्तदाब

मधुमेह हा साखरेचा विकार आणि उच्च रक्तदाब हा रक्तवाहिन्यांचा, अशी दोघांची सरधोपट ओळख असते. एकात रक्तातल्या साखरेचे प्रमाण बिघडते, दुसऱ्यात रक्ताचा वाहिन्यांच्या भिंतींवरचा जोर वाढतो. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असायचे काही कारण नाही. तरीही मालवण, वेंगुर्ले किंवा देवगडच्या आरोग्य केंद्रात महिन्याच्या गोळ्या न्यायला येणाऱ्यांमध्ये ‘बीपी’ आणि ‘शुगर’ दोन्ही असलेले पुष्कळ जण भेटतात. ज्याला एक आहे त्याला दुसरे होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते. आणि हे सुटलेल्या पोटाच्या माणसांपुरतेच मर्यादित नाही. आयुष्यभर पेज-भात आणि मासळी खाल्लेल्या, दिसायला काटक माणसालाही पन्नाशीच्या आत दोन्ही दुखणी जडलेली दिसतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे एकत्रित निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात आढळले. खुद्द सिंधुदुर्गाकडे आरोग्य खात्याचे लक्ष त्याआधीच गेले होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे घेतले गेले.

या दोन विकारांना जोडणारा धागा म्हणजे इन्सुलिन. पण तो समजण्यासाठी इन्सुलिन हे केवळ साखर कमी करणारे संप्रेरक आहे ही कल्पना बाजूला ठेवावी लागते.

जेवणानंतर काय होते

दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याची कढी पोटात गेली की तासाभरात भातातल्या पिष्टाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात उतरू लागते. स्वादुपिंडाला त्याची चाहूल लागते आणि ते इन्सुलिन सोडते. इन्सुलिन स्नायूंच्या पेशींवर पोचले की पेशीच्या आत दडून असलेली ग्लुकोज-वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही सापडते.

पण त्याआधीची एक पायरी सहसा सांगितली जात नाही. साखर आणि इन्सुलिन दोन्ही रक्तात आहेत आणि स्नायूची पेशी रक्तवाहिनीच्या बाहेर आहे. दोन्ही तिथवर पोचायची ती केशवाहिन्यांच्या जाळ्यातून. स्नायू विश्रांतीत असताना या जाळ्याच्या बऱ्याच भागात रक्त जेमतेम फिरत असते. त्यामुळे मोठ्या धमनीत साखर आणि इन्सुलिन भरपूर असले तरी स्नायूच्या कानाकोपऱ्यातल्या पेशींना त्याचा उपयोग नसतो.

कोकणातल्या माडाच्या बागेत पाटाने पाणी देतात तेव्हा नेमके असेच असते. पाट तुडुंब वाहत असला, तरी ज्या आळ्याच्या तोंडाशी मातीचा बांध आहे त्या माडाच्या मुळाशी थेंबही जात नाही. खोऱ्याने ती माती ओढली की पाणी आळ्यात वळते. इन्सुलिन ही माती ओढण्याचे कामही करते. स्नायूकडे जाणाऱ्या अगदी बारीक धमन्यांना ते सैल सोडते, त्यामुळे आधी कोरड्या राहिलेल्या केशवाहिन्यांत काही मिनिटांतच रक्त शिरते. पुढे मोठ्या वाहिन्याही थोड्या रुंदावतात आणि स्नायूकडचा एकूण रक्तपुरवठा वाढतो. थोडक्यात, साखर पेशीत घेण्याचा हुकूम देणारे इन्सुलिन तीच साखर पेशीपर्यंत पोचवण्याची व्यवस्थाही आधी लावून घेते.

अमेरिकेत अलेन बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास हे माणसांवरच मोजून दाखवले. शिरेतून इन्सुलिन देत असताना पायाचा रक्तप्रवाह वाढत जातो, आणि स्थूल, इन्सुलिनला कमी दाद देणाऱ्या व्यक्तींमध्ये ही वाढ मंद पडते, असे त्यांना दिसले. इन्सुलिनला अशी कमी दाद मिळण्याकडे, म्हणजेच इन्सुलिन-रोधाकडे, तोवर पेशीच्या आतला बिघाड म्हणूनच पाहिले जाई. त्या बिघाडाला रक्ताभिसरणाचीही बाजू आहे, हे या प्रयोगांनी पुढे आणले.

वाहिनीच्या अस्तरात

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. बराच काळ ते निव्वळ आवरण समजले जाई. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर केलेल्या प्रयोगांनी हा समज मोडला. ॲसिटिलकोलिन हे द्रव्य घातल्यावर काही तुकडे सैल पडत, तर काही उलट आवळत. नीट पाहिल्यावर कळले, की आवळणाऱ्या तुकड्यांचे आतले अस्तर तयारी करताना घासून निघून गेलेले असे. म्हणजे वाहिनीला सैल होण्याचा निरोप अस्तराकडून मिळत होता. तो निरोप नेणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले. तो तयार झाल्यावर काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायुतंतूंना शिथिल करतो. या शोधासाठी फर्चगॉट, लुईस इग्नॅरो आणि फेरिड म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्सुलिन रक्तवाहिन्या रुंदावते ते याच वायूच्या मदतीने. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती औषधाने रोखली तर इन्सुलिनने होणारी रक्तप्रवाहातली वाढही थांबते.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. अस्तराच्या पेशीवर इन्सुलिन बसले की पेशीच्या आत त्याचा संदेश दोन वेगळ्या मार्गांनी जातो. पहिल्या मार्गाच्या शेवटी नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि वाहिनी रुंदावते. दुसऱ्या मार्गाच्या शेवटी एंडोथेलिन नावाचे द्रव्य तयार होते, ते वाहिनी आवळते. हाच दुसरा मार्ग वाहिनीच्या भिंतीतल्या पेशींच्या वाढीलाही चालना देतो. निरोगी माणसात पहिला मार्ग दुसऱ्याला पुरून उरतो आणि गोळाबेरीज रुंदावण्याकडे झुकते.

इन्सुलिन-रोध निर्माण होतो तेव्हा बिघडतो तो मुख्यतः पहिला मार्ग. दुसरा बऱ्याच अंशी शाबूत राहतो. पेशी दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतते, आणि ते वाढीव इन्सुलिन पहिल्या मार्गावर निष्प्रभ ठरून दुसऱ्यावर मात्र पूर्ण जोराने काम करते. ‘रोध’ म्हटले की इन्सुलिनची सगळीच कामे थंडावली असे वाटते. प्रत्यक्षात निवडक कामे थंडावतात आणि बाकीची वाजवीपेक्षा जास्त होऊ लागतात. साखर आणि रक्तदाब यांच्या नात्याचा उलगडा या असमतोलात आहे.

बारीक धमन्या थोड्याशाच आवळल्या तरी किती फरक पडतो, हे गणितानेच कळते. नळीतून वाहणारा द्रव त्या नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली तर त्याच दाबाखाली वाहणारे रक्त जवळपास एकतृतीयांशाने कमी होते. पहिल्याइतकेच रक्त पुढे ढकलायचे तर त्या वाहिनीत दाब दीडपट हवा. शरीरात एकाच वेळी सगळ्या वाहिन्या इतक्या आवळत नाहीत आणि भरपाईच्या इतर यंत्रणाही असतात. पण दंडावरचे यंत्र १४० किंवा १५० का दाखवू लागते, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

मूत्रपिंड, मीठ आणि सुकी मासळी

वाहिन्या आवळल्याने दाब वाढला, तर मूत्रपिंडांनी जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकून तो पूर्ववत करावा अशी शरीराची रचना आहे. दाब चढा राहतो त्या अर्थी मूत्रपिंडांचेही काही बिनसलेले असते. इथेही इन्सुलिनचा हात पोचतो.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ ९९ टक्के परत रक्तात घेतात. त्याच्यासोबत सोडियमही परत येते. किती सोडियम परत घ्यायचे हे ठरवणाऱ्या अनेक घटकांपैकी इन्सुलिन एक आहे. राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये निरोगी व्यक्तींना, रक्तातली साखर स्थिर ठेवून, इन्सुलिन दिले तेव्हा लघवीतून जाणारे सोडियम घटले. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले तरी मूत्रपिंडांचा हा प्रतिसाद पुष्कळसा तसाच राहतो. म्हणजे स्नायूंसाठी म्हणून वाढवलेले इन्सुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते. मिठाबरोबर पाणी राहते आणि रक्ताचे आकारमान वाढते. असे शरीर मिठाच्या बाबतीत नाजूक होते. तेवढेच मीठ खाऊन एकाचा दाब जागेवर राहतो, दुसऱ्याचा चढतो.

मालवण किनाऱ्यावर या मुद्द्याला वेगळेच महत्त्व आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला असतो. त्या महिन्यांची बेगमी उन्हाळ्यातच होते. बांगडे चिरून, आतडी काढून, पोटात आणि अंगावर मीठ चोळून थरांवर थर रचतात. मीठ मुरले की उन्हात कडक वाळवतात. सुकट आणि सुकी मोरी यांचाही साठा होतो. मग पेजेबरोबर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा एक तुकडा पुरतो. मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी, लोणचे, पापड हेही त्याच ताटात येतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मिठाची दैनंदिन मर्यादा पाच ग्रॅमची, म्हणजे एक चहाचा चमचाही नीट भरणार नाही इतकी आहे. मासळी खारवणे हे शीतगृह नसलेल्या काळातले मोठे शहाणपण होते आणि दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला ते मीठ पेलतही असे. मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागलेल्या माणसाला मात्र तेच ताट जड जाते. सुके मासे शिजवण्याआधी पाण्यात भिजत घालून ते पाणी फेकून द्यायची रीत आहे, तिने बरेचसे मीठ उतरते. ती रीत पाळण्यासारखी आहे.

मूत्रपिंडांच्या जोडीला मज्जासंस्थाही आहे. धोक्याच्या वेळी हृदयाचे ठोके वाढवणारी आणि वाहिन्या आवळणारी अनुकंपी मज्जासंस्था इन्सुलिनने काहीशी उद्दीपित होते. निरोगी माणसात इन्सुलिनच वाहिन्या रुंदावत असल्याने हिशेब जुळतो आणि रक्तदाब वाढत नाही. रुंदावणे बंद पडले की आवळणे तेवढे उरते. पोटातली चरबी, लेप्टिन हे संप्रेरक आणि झोपेत श्वास अडकणे यांमुळेही ही मज्जासंस्था चेतवली जाते.

सगळा दोष इन्सुलिनचाच का?

इन्सुलिनला सगळेच सारखी दाद देत नाहीत, हे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत काढल्यावर १९६० च्या सुमारास दिसले, की प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून भरपूर असते. १९८७ मध्ये एलेउटेरिओ फेरानिनी यांनी वजन बेताचे आणि मधुमेह नसलेल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांतही इन्सुलिन-रोध दाखवला. पुढच्याच वर्षी जेराल्ड रीव्हन यांनी रक्तदाब, साखर आणि रक्तातल्या मेदाचे बिघाड एकत्र मांडून त्या समूहाला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. आज त्याला चयापचयाचा विकारसमूह म्हणतात.

तरीही एक पुरावा या साध्या हिशेबाच्या विरोधात जातो आणि तो दडवणे बरोबर नाही. स्वादुपिंडातल्या एका दुर्मीळ गाठीतून सतत इन्सुलिन पाझरते. अशा रुग्णांच्या रक्तात इन्सुलिन खूप असते, पण त्यांचा रक्तदाब त्यामुळे वाढलेला आढळत नाही. म्हणजे नुसते जास्त इन्सुलिन दाब वाढवायला पुरेसे नाही. त्याच्या जोडीला वाहिन्यांच्या अस्तराचा रोध आणि चरबीतून येणारे इतर संदेश हवेत. शिवाय उच्च रक्तदाबाच्या सर्व रुग्णांत इन्सुलिन-रोध नसतो. ढोबळमानाने निम्म्यांत तो सापडतो. बाकीच्यांत वय, आनुवंशिकता, मूत्रपिंडाचे आजार अशी कारणे असतात.

कार्यकारणभाव उलट दिशेनेही चालतो. दीर्घकाळ वाढलेल्या दाबाने बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, काही केशवाहिन्या कायमच्या नाहीशा होतात. मग स्नायूपर्यंत साखर आणि इन्सुलिन पोचणेच कमी होते आणि रोध आणखी वाढतो. आधी काय झाले हे एखाद्या रुग्णाच्या बाबतीत सांगणे बहुतेकदा अशक्य असते.

सडपातळ अंगातली चरबी

काटक दिसणाऱ्या माणसाचे कोडे सुटायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाची मोठी मदत झाली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे होते, शरीराची घडण मात्र वेगळी होती.

ही घडण जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ते ३.५ किलो होते. पुण्याची बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. स्नायू कमी म्हणजे साखर सामावून घेणारी जागाच कमी. पुढे वजन थोडे वाढले तरी ते पोटात, यकृतात आणि स्नायूंच्या आत चरबीच्या रूपाने साठते. तिथली चरबी इन्सुलिनच्या संदेशात अडथळा आणते, आणि चरबीच्या पेशी वाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकांचा कच्चा मालही पुरवतात. म्हणून वजन बेताचे असणे ही भारतीय माणसासाठी सुरक्षिततेची हमी ठरत नाही.

चौकट : इन्सुलिन-रोधाच्या खुणा

कंबर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर मोजावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर असल्यास तो वाढलेला समजतात. उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, आणि ‘चांगले’ कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी, या उरलेल्या चार खुणा. पाचांपैकी तीन असतील तर विकारसमूह आहे असे मानतात.
मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळसर, जाड आणि मखमलीसारखी होते, तीही पुष्कळदा याचीच खूण असते. ती मळ समजून घासत बसण्यात अर्थ नाही, साखर तपासून घ्यावी.

चालण्याने नेमके काय होते

चालण्याचा सल्ला इतक्यांदा दिला जातो की त्यामागचे कारण ऐकायचे राहून जाते. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज-वाहक प्रथिने पृष्ठभागावर आणतो. रोधाने बंद पडलेला मार्ग टाळून साखर आत जायला दुसरी वाट मिळते. त्याच वेळी जोराने वाहणारे रक्त वाहिनीच्या अस्तराला घासते आणि त्या घर्षणानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. साखर आणि दाब या दोन्हींवर एकाच कृतीने, आणि नेमक्या बिघाडाच्या जागी, काम होते. स्नायू इन्सुलिनला अधिक दाद देऊ लागतो तो परिणाम एखाद-दोन दिवस टिकतो. म्हणूनच आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करताना सलग दोन दिवसांहून मोठा खंड पडू देऊ नये, असे सांगतात. रापण ओढणाऱ्या, माडावर चढणाऱ्या शरीराला हे आपसूक मिळत असे. दुकानात किंवा दुचाकीवर दिवस जाणाऱ्याला ते मुद्दाम मिळवावे लागते.

वजन जास्त असेल तर त्यात पाच ते दहा टक्के घट झाली तरी यकृतातली चरबी उतरते आणि साखर व दाब दोन्ही खाली येतात. तंबाखूतले निकोटिन वाहिन्या आवळते आणि रोधही वाढवते, त्यामुळे विडी आणि मशेरी दोन्ही सोडणे आवश्यक. शहाळ्याच्या पाण्यातले पोटॅशियम एरवी रक्तदाबाला उपकारक असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र रोज शहाळे पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

औषधांतही या नात्याचे प्रतिबिंब दिसते. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे वाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवतात आणि साखरेच्या बाबतीत निर्धोक, किंचित उपकारकही असतात. ॲम्लोडिपिनचा साखरेवर फारसा परिणाम होत नाही. लघवी वाढवणारी काही औषधे आणि ॲटेनोलॉलसारखी जुनी औषधे साखर थोडी वाढवू शकतात. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली मधुमेहाची नवी औषधे लघवीवाटे साखरेबरोबर सोडियमही बाहेर टाकतात, म्हणून त्यांनी वरचा रक्तदाब तीन ते पाच अंकांनी उतरतो. साखर वाढल्याच्या शंकेने रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, कारण पक्षाघात आणि हृदयविकार यांपासून तिने मिळणारे संरक्षण साखरेतल्या त्या लहानशा वाढीपेक्षा कितीतरी मोठे असते. अशा वेळी डॉक्टर साखर तपासून गोळीची मात्रा किंवा प्रकार बदलतात. साखर आणि दाब यांच्या या नात्यामुळेच, ज्याचा रक्तदाब पहिल्यांदाच वाढलेला सापडतो त्याची उपाशीपोटीची साखर आणि रक्तातले मेदही त्याच भेटीत तपासायला सांगतात.